स्पीकर बंद करा, नॉर्थ स्टँड ऐकू द्या

मे २०२५ मध्ये अर्ध्यावर थांबलेली आयपीएल पुन्हा सुरू व्हायची होती, तेव्हा सुनील गावस्करांनी एक विनंती केली. पहलगाममध्ये ज्यांची माणसं गेली त्यांच्या दुःखाची जाण ठेवून उरलेले सामने संगीताशिवाय, दोन षटकांमधल्या डीजेच्या आरडाओरड्याशिवाय आणि नाचणाऱ्या मुलींशिवाय व्हावेत. प्रेक्षक येऊ द्यात, क्रिकेट होऊ द्या, बाकी काही नको. त्यांची विनंती दुखवट्यापुरती होती. मला ती कायमची हवी आहे, दुखवटा नसतानाही हवी आहे.

वानखेडेवर आयपीएलचा सामना पाहायला गेलात तर षटक संपल्यानंतरचा तो मिनिटभराचा वेळ नीट ऐका. चेंडू हातोहात नव्या गोलंदाजाकडे जातो, पंच जागा बदलतात, कर्णधार डीप मिडविकेटला चार पावलं मागे सरकवतो. पूर्वी नेमक्या याच वेळात नॉर्थ स्टँडमधली माणसं बोलायची. आत्ता याला कशाला आणलं? याची दोन षटकं शेवटासाठी ठेवायची ना! मागच्या रांगेतले कुणी अनोळखी काका त्यात उडी घ्यायचे आणि वाद जुंपायचा तो पुढचा चेंडू पडेपर्यंत. आता षटक संपतं न संपतं तोच स्पीकरमधून तो कर्ण्याचा तुकडा वाजतो. त्याच्या शेवटी कुठे आणि काय ओरडायचं हे सगळ्या मैदानाला पाठ झालंय. मग माईकवाला विचारतो, मुंबई, आवाज कुठाय? मग दहा सेकंदांचं गाणं. मग मोठ्या पडद्यावर आवाज मोजणारा काटा. शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं, आणि ते सांगून होईस्तोवर गोलंदाज धावायला लागलेला असतो.

ओरडतात तर प्रेक्षकच, मग बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. बिघडलं ते असं की कधी ओरडायचं, किती ओरडायचं आणि कशावर ओरडायचं हे आता प्रेक्षक ठरवत नाहीत. मैदानातला गलका हा बघणाऱ्याने खेळावर दिलेला निकाल असतो. टाळ्या, शिट्ट्या, हुर्यो, चुकचुकणं, अचानक पडलेली शांतता, सगळं त्यात आलं. हजारो रुपयांचं तिकीट काढून आलेल्या माणसाच्या हातात मैदानात दुसरं काहीच नसतं. संघ त्याने निवडलेला नसतो, खेळपट्टी त्याला विचारून केलेली नसते. एवढा एक अधिकार त्याचा आहे, आणि तो स्पीकरवाल्याने घेतलेला मला चालत नाही.

यंत्रातून आलेला प्रत्येक आवाज वाईट, असं मी म्हणत नाही. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ ॲशेससाठी इंग्लंडमध्ये होता. इतक्या दुरून थेट प्रक्षेपण नीट ऐकू येईल याचा भरवसा नव्हता. मग ऑस्ट्रेलियाच्या सरकारी रेडिओने सिडनीच्या स्टुडिओत सामना उभा केला. इंग्लंडहून षटकामागून षटक तारा यायच्या, त्यातला सांकेतिक मजकूर उलगडला जायचा आणि समालोचक समोर खेळ चाललाय तसे बोलत राहायचे. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज लाकडावर पेन्सिल आपटून काढायचे. टाळ्यांसाठी ध्वनिमुद्रिका तयार असायची. लोक रात्र-रात्र रेडिओला कान लावून बसायचे. सगळं बनवलेलं होतं, पण इंग्लंडात चौकार बसला तरच सिडनीत टाळ्या वाजायच्या. आवाज खेळाच्या मागून चालत होता.

२०२० सालीही असंच म्हणता येईल. १६ मे रोजी जर्मनीची बुंडेसलिगा ही फुटबॉल लीग रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली, १७ जूनला इंग्लंडची प्रीमियर लीग, सप्टेंबरात दुबई, अबू धाबी आणि शारजात आयपीएल. टीव्हीवर साठवलेला गलका मिसळला गेला. इंग्लंडमध्ये तर तो ईए स्पोर्ट्सच्या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधून घेतला होता. घरात कोंडून पडलेल्या माणसाला त्या आवाजाने सोबत दिली, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मला त्यातली जर्मनीची पद्धत पटली. तिथल्या स्काय वाहिनीने प्रेक्षकाला निवड दिली: गलक्यासकट बघा, नाहीतर रिकाम्या स्टेडियमचा खरा आवाज ऐका. आणि तो खरा आवाज ऐकण्यासारखा होता. बुटाचा चेंडूवर बसलेला फटका, गोलरक्षकाने बचावपटूंवर केलेली आरडाओरड, बाकावरून प्रशिक्षकाने दिलेल्या सूचना. एरवी हजारोंच्या आवाजाखाली दबून जाणारा खेळ त्या काळात उघडा ऐकू आला.

त्याच रिकाम्या स्टेडियमांनी आणखी एक गोष्ट समोर आणली. जर्मनीत त्या हंगामाच्या उरलेल्या सामन्यांत घरच्या संघाच्या विजयांचं प्रमाण ठळकपणे घसरलं. पुढे वेगवेगळ्या देशांच्या लीगवर झालेल्या अभ्यासांत हेही दिसलं की पाहुण्या संघाला एरवी जास्त मिळणारी पिवळी कार्डं प्रेक्षक नसताना कमी झाली. म्हणजे गलक्याचा परिणाम खेळाडूंइतकाच पंचांवरही होतो. याचा अंदाज आधीपासून होता. ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातल्या सामन्यातल्या ४७ झटापटी त्यांनी ४० पंचांना दाखवल्या, काहींना आवाजासह, काहींना आवाज बंद करून. झटापटी त्याच, चित्रफीत तीच. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी लिव्हरपूलविरुद्ध, म्हणजे घरच्या संघाविरुद्ध, सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. हे पंच लबाड नव्हते. आपल्या मनाशी शंका असते तेव्हा चाळीस हजार माणसांचं मत कानात शिरतं, आणि शिट्टी ओठांपाशी थबकते.

ज्या आवाजात एवढी ताकद आहे तो कुठून येतो, हा प्रश्न मग निव्वळ आवडीनिवडीचा राहत नाही. अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी हे आपल्याआधी ओळखलं. तिथे चाल करणाऱ्या संघाला क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल सांगणाऱ्या खेळाडूच्या, हाका ऐकू याव्या लागतात. पाहुण्यांना त्या ऐकूच येऊ नयेत म्हणून घरचे प्रेक्षक घसा फाडून ओरडतात आणि आपला संघ चाल करतो तेव्हा स्वतःहून गप्प होतात. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये २९ सप्टेंबर २०१४ रोजी १४२.२ डेसिबलची नोंद झाली, गिनेसने ती विक्रम म्हणून मान्य केली. ती सगळी माणसांच्या गळ्यातून आली होती. याउलट अटलांटा फाल्कन्स या संघाने २०१३ आणि २०१४ च्या हंगामांत खेळ चालू असताना स्पीकरवरून रेकॉर्ड केलेला गलका सोडला. तो पकडला गेला तेव्हा लीगने साडेतीन लाख डॉलर दंड केला आणि पुढच्या वर्षीच्या खेळाडू निवडीतली एक संधी काढून घेतली. गळ्यातून कितीही ओरडा, भोंग्यातून नाही. मला हा नियम अगदी न्याय्य वाटतो.

क्रिकेटमध्ये तर कानाचं काम आणखी बारीक. बॅटची कड लागली की पॅडला घासून गेला, हे मैदानावरचा पंच डोळ्यांइतकंच कानांनी ठरवतो. स्टंपजवळचा मायक्रोफोन आणि पडद्यावरची ती उसळणारी रेघ आली, पण पहिला निर्णय आजही माणसाचाच असतो.

आवाज कमी पडतो म्हणून स्पीकर लागतो, असंही नाही. ध्वनीचं गणित असं आहे की ओरडणारे दसपट झाले तर दहा डेसिबल वाढतात. अहमदाबादच्या स्टेडियममध्ये वानखेडेच्या चौपट माणसं मावतात, त्यांनी मिळणारी वाढ सहा डेसिबलच्या आसपास. खरा फरक पडतो तो स्टँड मैदानाला किती खेटून आहेत आणि वर छत आहे की नाही याने. वानखेडेचे स्टँड उभे चढतात, २०११ च्या विश्वचषकाआधी त्यांच्यावर कापडी छत आलं, आणि तेहतीस हजार माणसांचा आवाज वर निसटून न जाता परत खाली येतो. अशा मैदानाला भोंग्याची गरजच काय? मुंबई इंडियन्सचा एक सामना दरवर्षी स्वयंसेवी संस्थांच्या शाळकरी मुलांसाठी असतो. त्या दिवशी टीव्ही लावून डोळे मिटलेत तरी कळतं, कारण सगळा गलकाच एक पट्टी वर गेलेला असतो. हजारो पोरं किंचाळत असतात, अगदी एकेरी धावेवरही. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आपल्याकडे खेळाला वाद्याची साथ नवी नाही, म्हणून हेही बोलायला हवं. कोल्हापूरच्या खासबागेत, किंवा कुठल्याही जत्रेच्या कुस्ती मैदानात, हलगी असतेच. पण हलगीवाल्याचे डोळे बघा. ते आखाड्यातून हलत नाहीत. दोन मल्ल नुसते हात झटकत, अंदाज घेत फिरतात तेव्हा हलगी संथ चालते. एकाने पट काढला की ठेका चढतो, वरचा मल्ल खालच्याला चितपट करायला बघतो तेव्हा ती कडाडायला लागते, आणि खालचा निसटला की एक क्षण अडखळून पुन्हा पहिल्या चालीवर येते. माईकवरचा निवेदकसुद्धा डावाचं नाव घेतो, वस्तादाचं नाव घेतो, गाव सांगतो. ती माणसं कुस्ती वाचत असतात आणि वाचलेलं हजारोंना पोचवत असतात. त्या मैदानात तुमच्या अंगावर काटा येतो तो कुस्तीमुळे. डीजेच्या यादीतलं गाणं मात्र चौकार स्लिपच्या डोक्यावरून नशिबाने गेलेला असो की पंचविशीतल्या पोराने कव्हरमधून रेखून मारलेला असो, तेवढ्याच जोरात वाजतं. हा फरक न कळणारा आवाज खेळाच्या मैदानात कशासाठी हवा? कबड्डीत तर चढाई करणाऱ्याचा दम पंचाला स्पष्ट ऐकू यायला हवा, हा खेळाचा पायाच आहे. मातीवरच्या सामन्यात दोरीला टेकून उभ्या असलेल्या पोरालाही तो ऐकू यायचा. बंदिस्त स्टेडियममधल्या दणदणाटात गॅलरीतल्या प्रेक्षकाला तो आता सापडत नाही.

प्रेक्षकाचा आवाज खरा म्हणून तो चांगलाच असतो, असा माझा दावा नाही. मार्च १९९६ मध्ये ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी प्रेक्षकांच्या बाटल्या आणि जाळपोळीमुळे थांबवून श्रीलंकेला द्यावी लागली. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत एका धावेवर बाद झालेल्या सचिनची हुर्यो उडवली ती याच वानखेडेने. ऑक्टोबर २००७ मध्ये इथेच अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज काढले गेले. तो निकाल नव्हता, ती शिवी होती. असं करणाऱ्याला उचलून बाहेर काढावं, त्यात दुमत असू नये. एप्रिल २०२४ मध्ये रोहितच्या जागी मुंबई इंडियन्सचा कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याला नाणेफेकीच्या वेळी घरच्याच मैदानावर हुर्यो ऐकावी लागली. संजय मांजरेकरांनी माईकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगितलं, कुणी ऐकलं नाही. मला ते वागणं कोतं वाटलं. पण ४ जुलैला टी-२० विश्वचषक घेऊन भारताचा संघ वानखेडेवर आला तेव्हा त्याच स्टँडमधून ‘हार्दिक, हार्दिक’ असा गजर झाला. शेवटचं षटक टाकून अंतिम सामना जिंकून देणाऱ्याला लोकांनी आपणहून परत घेतलं. या दोन्ही दिवसांचे आवाज आधी यादीत लिहून ठेवता आले नसते.

आणि चेन्नई. ३१ जानेवारी १९९९. पाठदुखीने बेजार झालेला सचिन १३६ वर बाद झाला, पाठोपाठ शेपूट कोसळलं आणि भारत १२ धावांनी हरला. तेसुद्धा पाकिस्तानकडून, तेसुद्धा त्या मालिकेआधी दिल्लीची खेळपट्टी उखडली गेली असताना. चेपॉकचं मैदान काही क्षण सुन्न झालं. मग पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारायला निघाला तेव्हा लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. तीन आठवड्यांत त्याच दोन संघांच्या कोलकात्यातल्या कसोटीत स्टँड रिकामे करून उरलेला खेळ संपवावा लागला, हेही खरं. पण चेपॉकच्या त्या टाळ्यांची किंमत त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. तिथे काहीही घडू शकलं असतं. त्या शांततेत कुणी स्पीकरवरून गाणं लावलं असतं, तर लोकांना उभं राहायला सवडच मिळाली नसती.

स्पीकर ज्याच्या हातात, त्याचं मत मोठं होतं, हा धोका तर आणखी गंभीर आहे. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना झाला. व्हिसाच्या अडचणींमुळे पाकिस्तानचे चाहते जवळजवळ नव्हतेच. सामन्यानंतर पाकिस्तान संघाचे तेव्हाचे संचालक मिकी आर्थर म्हणाले की ही आयसीसीची स्पर्धा वाटलीच नाही, स्पीकरवर आमचं ‘दिल दिल पाकिस्तान’ फारसं वाजलं नाही. हरलेल्याची तक्रार म्हणून आपल्याकडे त्यांची टिंगल झाली. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. लाखभर भारतीयांनी भारतासाठी ओरडावं, तो त्यांचा हक्क. पण विश्वचषक सगळ्या संघांचा असतो, तिथल्या स्पीकरने बाजू घेता कामा नये. एका संघाचे पाठीराखे मैदानात येऊच शकलेले नसताना तर नाहीच नाही. आणि दोन्ही बाजूंची गाणी मोजूनमापून वाजवण्यापेक्षा कुणाचंच न वाजवणं सोपं आहे.

महिनाभराने तिथेच अंतिम सामना झाला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्सने आदल्या दिवशी सांगितलं होतं की एवढ्या मोठ्या गर्दीला गप्प करण्यासारखं समाधान नाही. ९२ हजारांवर माणसं आली होती. कोहलीने ५४ वर कमिन्सचा चेंडू यष्टींवर ओढवून घेतला आणि सगळं मैदान थिजलं. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू एकत्र आले तेव्हा ती शांतता ऐकायला क्षणभर थांबले, हे कमिन्सनेच नंतर सांगितलं. आपल्या बाजूने बघितलं तर ती जखम आहे. पण त्या दिवशी त्या मैदानात जे काही खरं बोललं गेलं, त्यात ती शांतता सगळ्यात स्पष्ट होती. प्रेक्षकाला गप्प राहण्याचाही अधिकार आहे. दर विकेटनंतर, दर चौकारानंतर सक्तीने वाजणारं गाणं पहिल्यांदा तोच खाऊन टाकतं.

कानांचं म्हणाल तर नियम आहेत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी करतात, सरकार वर्षातले मोजके दिवस ती शिथिल करू शकतं. संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना दहाला संपत नाही. गणपतीच्या मंडळांना आपण हा नियम दरवर्षी दाखवतो आणि तो दाखवायलाच हवा. स्टेडियमकडे त्याच आवाजात बोट दाखवत नाही. विजयी षटकारावर साडेअकराला तीस हजार माणसं ओरडली तर मरीन लाइन्सच्या झोपलेल्या माणसाने ते सोसावं, असं मी त्याला हात जोडून म्हणेन. साडेअकराच्या डीजेसाठी म्हणणार नाही.

याला एक उत्तर नेहमी येतं, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. घरची मंडळी, लहान मुलं, क्रिकेट फारसं न कळणारी माणसं यांना संगीतामुळे मजा येते, त्यांचीही जागा मैदानात आहे. जरूर आहे. डाव संपल्यावर वीस मिनिटं असतात, मधले अडीच अडीच मिनिटांचे टाइमआउट असतात, सामन्याआधीचा तास असतो. तेव्हा वाजवा, नाचू द्या. पहिला चेंडू पडल्यापासून डाव संपेपर्यंत, टाइमआउट सोडून, स्पीकर फक्त माहितीसाठी हवा: कोण आलं, कोण बाद झालं, रिव्ह्यूचा निर्णय काय. नव्या माणसाला खेळ कळायला याचाच जास्त उपयोग होतो. टाळी का पडली हे शेजारच्याला विचारूनच आपण सगळे खेळ शिकलो, आणि विचारायला ऐकू यावं लागतं.

वानखेडेच्या स्पीकरचा मला आठवतो तो सर्वोत्तम उपयोग १६ नोव्हेंबर २०१३ चा. दोन दिवस आधी मुरली विजय बाद झाल्यावर अख्खं मैदान आनंदाने ओरडलं होतं, आपलीच विकेट पडली असताना, कारण पुढे सचिन येणार होता. कुठल्या यंत्राला ते सुचलं असतं? निरोपाच्या भाषणाला सचिन उभा राहिला तेव्हा गजर थांबेना. मित्रांनो, जरा शांत व्हा, मला बोलू द्या, नाहीतर मी आणखी भावुक होईन, असं त्यालाच सांगावं लागलं. लोक शांत झाले. भाषण संपवताना त्याने आभार मानले ते ‘सचिन, सचिन’ या हाकेचे. श्वास चालू आहे तोवर ती कानात घुमत राहील, असं तो म्हणाला.

सुरुवात अवघड नाही. मुंबई क्रिकेट संघटना आणि फ्रँचायझी यांनी मिळून पुढच्या हंगामातला एक सामना डाव चालू असताना स्पीकरविना खेळवून बघावा. तिकीट विकतानाच तसं जाहीर करावं, म्हणजे कुणाची फसगत व्हायची नाही. मुलांचा सामना त्यासाठी सगळ्यात योग्य. आणि प्रक्षेपण करणाऱ्यांनी समालोचनाच्या भाषा निवडायचं जे बटन दिलंय, त्यातच एक पर्याय वाढवावा: फक्त मैदानाचा आवाज, स्टंपच्या आणि प्रेक्षकांतल्या मायक्रोफोनमधून येईल तसा, वरून काही न मिसळता.